सप घेऊन सर्फर लोकांच्या लाटेत उतरायचं कसं

आमचं मूळ गाव साक्री तालुक्यातलं, पांझरेच्या काठचं. लहानपणी सुट्टीत गेलो की आबांच्या मागे मागे फडात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, फड म्हणजे नदीवर छोटा बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालची जमीन फडांमध्ये वाटलेली, एका फडात सगळ्यांचं मिळून एकच पीक, आणि पाणी कुणी आपलं आपण उठून घ्यायचं नाही, पाटकरी देईल तेव्हाच घ्यायचं. आमच्या धुळ्याकडची शेकडो वर्षांची पद्धत आहे ही. ज्याचं शेत पाटाच्या तोंडाशी त्याला पाणी सगळ्यात आधी दिसतं, मनात आणलं तर दोन फावडे माती काढून तो सगळं पाणी आपल्याकडे वळवू शकतो, पण तसं करत नाही कारण टेलचा, म्हणजे पाटाच्या शेवटाचा शेतकरी पण त्याच पाण्याकडे डोळे लावून बसलेला असतो.

आता हे सर्फिंगच्या गाईडमध्ये काबरं सांगतोय? तर सप बोर्डवाला माणूस समुद्रात कायम पाटाच्या तोंडाशी उभा असतो भो. सप म्हणजे स्टँड अप पॅडल, उभं राहून वल्हं मारत चालवायचा बोर्ड. आपल्याकडची बरीच पोरं आता गोव्याला नाहीतर कर्नाटकातल्या मुल्कीला जाऊन हे शिकून येतात, भुसावळहून गोवा एक्सप्रेस थेट आहे, बॅगेत फुगवायचा बोर्ड टाकला की झालं. पण शांत पाण्यावर उभं राहता आलं म्हणजे लाटेत घुसायचा परवाना मिळाला असं समजून जे लोक थेट सर्फर्सच्या घोळक्यात शिरतात ना, त्यांच्यासाठी मी हे लिहितोय, कारण मी पण तसाच शिरलो होतो आणि त्यात एका मुलीला लागलं. ते पुढे सांगतो.

आधी हे कळू द्या की आपण इतरांपेक्षा किती वरचढ असतो. सर्फर बोर्डवर बसलेला किंवा पोटावर झोपलेला असतो, त्याची नजर पाण्याच्या जेमतेम वर, पुढून सेट, म्हणजे लागोपाठ येणाऱ्या मोठ्या लाटांचा गट, येतोय हे त्याला उशिरा कळतं. आपण उभे, आपली नजर पाच फुटांवर, लांबवरची पाण्याची काळपट रेघ आपल्याला कितीतरी आधी दिसते. त्याचा शॉर्टबोर्ड सहा फुटांच्या आसपास आणि साधारण ३० लिटरचा, आपला साडेदहा फुटी फुगवायचा बोर्ड ३०० लिटरच्या घरात. तो हाताने पाणी ओढतो, आपल्या हातात पॅडल. म्हणजे लाट अजून धड उभी पण राहिलेली नसते तेव्हाच आपण तिच्यावर घसरायला लागलेलो असतो, आणि आत फुटायच्या जागेवर जे लोक वीस मिनिटांपासून थांबलेत त्यांच्यापर्यंत ती लाट पोचते तेव्हा तिच्यावर आधीच कुणीतरी असतं. एकदा झालं तर कुणी काही बोलत नाही. पाचव्यांदा झालं की सगळ्या लाईनअपचे, म्हणजे लाटेसाठी थांबलेल्या सगळ्यांचे, चेहरे बदलतात आणि बरोबरच आहे त्यांचं.

लाट कुणाची, हे कसं ओळखायचं

नियम जगभर एकच आहे. लाट जिथून फुटायला सुरुवात होते त्याला पीक म्हणतात, आणि त्या पीकच्या सगळ्यात जवळ जो सर्फर लाट पकडतो, लाट त्याची. बाकीच्यांनी थांबायचं. त्याच्या पुढे लाटेवर उतरणं म्हणजे ड्रॉप इन, सर्फिंगमधला सगळ्यात मोठा गुन्हा हाच समजला जातो, कारण नुसता अपमान नाही त्यात, समोरच्याला वळायला जागाच राहत नाही आणि बोर्डवर बोर्ड आदळतो.

सपवाल्यांचा इथे एक गोड गैरसमज होतो की मी आधीपासून उभाच आहे, म्हणजे मी आधी लाटेवर होतो, म्हणजे लाट माझी. नाही. तुम्ही उभे आहात ते तुमच्या बोर्डमुळे, लाटेमुळे नाही. बघायचं ते एवढंच की पीकच्या जवळ कोण.

दुसरी गोष्ट स्नेकिंग, म्हणजे कुणी पीकजवळ जागा धरून बसलाय आणि आपण त्याला वळसा घालून आणखी आतल्या बाजूला जाऊन बसायचं आणि म्हणायचं आता मी जवळ. एसटी स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे असतात ना, तेच. पॅडलमुळे आपल्याला हा वळसा अगदी सोपा जातो, तो पोटावरचा माणूस दमून गेलेला असतो आणि आपण चार वल्ह्यांत त्याच्या पलीकडे. करू नका. आल्यावर सगळ्यांच्या मागे नंबर लावा, जो आत्ताच लाट घेऊन परत आला तो शेवटी, आणि आपण नवीन आलोय तर आपण त्याच्याही नंतर.

कधी कधी पीक मधोमध असतं आणि लाट दोन्हीकडे फुटत जाते, तेव्हा दोघांना एकच लाट मिळू शकते, एक डावीकडे एक उजवीकडे. अशा वेळी ओरडून सांगायचं, लेफ्ट! किंवा राईट! डावं-उजवं हे लाटेवर किनाऱ्याकडे तोंड करून निघालेल्याच्या हिशोबाने असतं, किनाऱ्यावरून बघणाऱ्याच्या नाही. लाजू नका ओरडायला, गप्प राहिल्यामुळे जास्त टकरा होतात.

मिळते म्हणून घ्यायची नाही

हा भाग किनाऱ्यावरच्या कुठल्या पाटीवर लिहिलेला नसतो आणि माझ्या मते सपवाल्यासाठी हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे. वरचा नियम पाळून सुद्धा तुम्ही लोकांचा दिवस खराब करू शकता. लांब बाहेर उभं राहायचं, तिथूनच लाट पकडायची, नियमाने बघितलं तर तुमच्या पुढे कुणी उतरलं तर चूक त्याची. पण प्रत्येक सेटमधली पहिली आणि मोठी लाट जर तुम्हीच नेत असाल तर तो नियम नाही, तो पाट फोडणं आहे.

मी स्वतःला घालून घेतलेला हिशोब सांगतो. एक लाट घेतली की परत आल्यावर निदान तीन चांगल्या लाटा सोडायच्या, गर्दी असेल तर पाच. सोडायच्या म्हणजे नुसतं बाजूला उभं राहायचं नाही, बोर्डचं तोंड समुद्राकडे वळवून ठेवायचं, म्हणजे आत बसलेल्याला लांबून दिसतं की हा येत नाहीये, तो बिनधास्त जोर लावतो. आपण अर्धवट वळून, दोन वल्ही मारून मग थांबलो तर समोरचा घाबरून लाट सोडतो आणि लाट दोघांचीही जाते, कुणालाच न मिळता किनाऱ्यावर जाऊन फुटते. असं पाणी वाया गेलेलं बघवत नाही.

आणि आपल्याला सेट आधी दिसतो ना, तर सांगा की! "सेट येतोय, दुसरी मोठी आहे" एवढं ओरडलं तरी आतल्या लोकांना तयारीला वेळ मिळतो. हवाईत वायकिकीच्या किनाऱ्यावर गेल्या शतकाच्या मध्यात तिथले बीचबॉइज म्हणजे सर्फिंग शिकवणारी माणसं मोठ्या बोर्डवर वल्हं घेऊन उभी राहायची, ती आपल्या शिकाऊ लोकांवर लक्ष ठेवायला, येणारी लाट बघायला, त्यांचे फोटो काढायला. पुढे २००० नंतर लेअर्ड हॅमिल्टनसारख्या मोठ्या सर्फर्समुळे हा प्रकार जगभर पसरला. पण उभं राहून वल्हं मारण्यामागे बाकीच्यांवर लक्ष ठेवणं हे एक कारण सुरुवातीपासून होतं, मला ही गोष्ट फार आवडते आणि लाईनअपमध्ये उभा असताना मी ती आठवत असतो. एखाद्याचा बोर्ड सुटून वाहत चाललाय, कुणी दमलंय, कुणी चुकीच्या जागी फसलंय, हे आपल्यालाच आधी दिसतं. तिथपर्यंत जाऊन त्याला बोर्डचं टोक धरू द्या, परत चॅनलपर्यंत, म्हणजे लाटा फुटत नाहीत त्या पट्ट्यापर्यंत, सोडून या. अशा माणसाला लोक स्वतः हाक मारून म्हणतात, भाऊ ही घे तू.

शक्य असेल तर मुळात गर्दीच्या पीकवर जाऊच नका. आपला बोर्ड कमरेएवढ्या, आळशी, हळू फुटणाऱ्या लाटेवर पण मस्त चालतो, ज्या लाटेवर शॉर्टबोर्डवाल्याचं काहीच होत नाही. गोव्याच्या किंवा कारवारच्या पुढच्या वाळूच्या किनाऱ्यांवर एकच पीक नसतं, दोनशे मीटर पुढे गेलं की दुसरं सापडतं, जराक कमी चांगलं पण रिकामं. चार मित्र चार सप घेऊन आलेत तर चौघांनी एकाच जागी घुसणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत ट्रॅक्टर घालण्यासारखं आहे, दोघं इकडे दोघं तिकडे व्हा.

बोर्ड सुटला तर

आता ती गोष्ट. माझी दुसरीच वेळ होती लाटेत. ज्याने मला शिकवलं त्याने घाईघाईत उभं राहणं आणि पॅडल मारणं एवढंच शिकवलं होतं, म्हणाला सपला लोक रस्ता देतातच, बोर्ड मोठा असतो. बाहेर जाताना समोर फेसाची भिंत आली, मी घाबरलो, बोर्ड सोडून पाण्यात उडी मारली. मागे वळून बघितलंच नाही. माझ्यामागे एक मुलगी तिच्या बोर्डवर झोपून बाहेर येत होती, माझा बोर्ड लाटेने मागे फेकला गेला आणि तिच्या कोपरावर लागला. हाड वाचलं पण हात असा सुजला की तिची पूर्ण ट्रिप गेली. मी तिच्यासोबत किनाऱ्यावर आलो, बर्फ आणला, तिच्या भावाशी बोललो, तो चिडला होता आणि त्याचा हक्क होता. शिकवणाऱ्याने सांगितलं नाही हे खरं, पण मागे न बघणं माझंच होतं. तो आवाज अजून कानात आहे माझ्या.

हिशोब करा साधा. बोर्ड दहा फूट, लीश म्हणजे पायाला बांधलेली दोरी ती पण दहा फूट, ताणली की अजून वाढते. म्हणजे तुम्ही बोर्ड सोडला की तुमच्या मागे वीस-बावीस फुटांपर्यंत कुणीही सुरक्षित नाही. बोर्डचं वजन दहा किलोच्या आसपास, त्यात लाटेचा जोर. शॉर्टबोर्डवाला लाटेखालून डक डाईव्ह मारून निघून जातो, आपला बोर्ड एवढा तरंगता की तो खाली दाबलाच जात नाही, म्हणून तर सोडून द्यायचा मोह होतो.

तर करायचं काय? पहिलं म्हणजे फेस समोर आला आणि अजून अंतर आहे तर गुडघ्यावर बसा किंवा एक पाय मागे घेऊन वाका, बोर्डचं नाक बरोबर लाटेकडे ठेवा, तिरका झाला की उलटलाच, आणि फेस अंगावर येण्याआधी जोरात दोन-तीन वल्ही मारा, थांबलेला बोर्ड मागे फेकला जातो, चालता बोर्ड पार जातो. दुसरं, उतरावंच लागलं तर आधी मागे बघा. कुणी असेल तर बोर्ड सोडायचाच नाही, बोर्डच्या शेपटीजवळ जिथे लीश जोडलेली असते तिथे मुठीत धरायचं, लीशला बोटांभोवती गुंडाळायचं नाही, बोटं तुटायची वेळ येते. तिसरं, बोर्ड कधीही तुमच्या आणि लाटेच्या मधे नको, तो सरळ तोंडावर येतो. बोर्ड आपल्या बाजूला किंवा किनाऱ्याकडच्या अंगाला, आपण समुद्राकडे.

पडायचं पण शिकावं लागतं. पसरून, अंग सैल सोडून पडायचं, उथळ पाण्यात डोक्यावर कधीच नाही. पॅडल हातातच ठेवायचं पण हात लांब करून, माणसं असतील त्या बाजूला पातं फिरवायचं नाही. पाण्याखाली गेलात की वर येताना एक हात डोक्यावर धरून या, कारण ताणलेल्या लीशमुळे बोर्ड उसळून परत तुमच्याकडेच येत असतो. १९७१ मध्ये जॅक ओ'नील या नावाजलेल्या सर्फरचा एक डोळा अशाच लीशच्या उसळीने गेला, आणि तो माणूस काही नवखा नव्हता.

लीश नसेल तर लाटेत उतरूच नका, तुम्ही कितीही चांगले असा. बोर्डच्या लांबीएवढी तरी हवी, सरळ दोरीची, घोट्याला किंवा पोटरीला. ती स्प्रिंगसारखी गुंडाळलेली लीश शांत पाण्यासाठी ठीक आहे, लाटेत ती बोर्ड झटक्यात परत आणते. आणि नदीच्या वाहत्या पाण्यात उलटं आहे, तिथे घोट्याला बांधलेली लीश कुठे फांदीत-दगडात अडकली तर हात पायापर्यंत पोचत नाही, तिथे कमरेला झटकन सुटणारा बेल्टच पाहिजे. दोन्हीकडे एकच लीश वापरणारे खूप बघितलेत म्हणून मुद्दाम लिहिलं.

बाहेर जाताना आणि लाट सोडताना

बाहेर जायचा रस्ता म्हणजे चॅनल, जिथे लाटा फुटत नाहीत, पाणी जरा गडद दिसतं, किनाऱ्यावर आलेलं पाणी बऱ्याचदा तिथूनच परत जात असतं. लांब पडला तरी तिथूनच जा, आपल्याकडे पॅडल आहे, आपल्याला काही फरक पडत नाही. फुटत्या लाटांच्या मधून घुसणारा सप म्हणजे सगळ्यांसाठी धोका. उतरण्याआधी दहा मिनिटं वाळूवर बसून नुसतं बघा, सेट किती वेळाने येतो, माणसं कुठे बसलीत, कोण कुठून बाहेर जातंय.

जाताना कुणी लाटेवरून तुमच्याकडे येत असेल तर त्याच्या पुढून पळायचा प्रयत्न करू नका. त्याच्या मागून, म्हणजे जिथे लाट फुटून गेलीये त्या फेसाच्या बाजूने जा. फेसाचा मार खावा लागेल, खा. लाट त्याची आहे, वाट आपण बदलायची.

लाटेवर असताना पुढे कुणी आलं किंवा आतल्या बाजूने दुसरा उठलेला दिसला तर लगेच बाहेर पडा. एक पाय मागे, वजन शेपटीवर, पॅडल लाटेच्या बाजूला पाण्यात रोवून बोर्डचं नाक लाटेच्या वरून पलीकडे फिरवायचं. हे जमत नसेल तर सर्फर लोकांच्या मधे जायची वेळ आलेली नाही, किनाऱ्याजवळच्या फेसात सराव करा आधी.

चुकून ड्रॉप इन झालंच तर? होतं. लाट संपली की वल्हं मारत त्याच्याजवळ जा, सॉरी दादा, माझी चूक, मी बघितलं नाही. एवढंच. कारणं सांगत बसू नका. पुढची लाट त्याला द्या.

तिथल्या माणसांसाठी

गोव्यात आणि आपल्या कोकणात सकाळी रापण ओढतात, किनाऱ्यावरून दोन बाजूंनी दोरखंड धरून पंधरा-वीस माणसं जाळं ओढत आणतात. त्या दोरांच्या मधल्या पाण्यात बोर्ड न्यायचा नाही, लाट कितीही सुंदर असली तरी. ते त्यांचं पोट आहे, आपली सुट्टी. होड्या जिथून पाण्यात ढकलतात तो पट्टा पण मोकळा सोडा. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा पोहणाऱ्यांची, तिथे फिनवाला, म्हणजे खाली पातं असलेला, बोर्ड नको. लाल झेंडा असेल तर प्रश्नच मिटला, आणि जून ते सप्टेंबर पश्चिम किनाऱ्याच्या खवळलेल्या समुद्रात आपल्यासारख्या शिकाऊ लोकांनी पाय पण घालू नये.

लवकर उठा. शाळेत भूगोलात शिकलो होतो ना मतलई वारे, जमिनीकडून समुद्राकडे जाणारे, पहाटे तेच असतात आणि त्यांनी लाट गुळगुळीत, आखीव उभी राहते. दुपारी खारे वारे सुटले की सगळं खडबडीत होतं आणि उभ्या माणसाला वारा शिडासारखा ढकलतो. पण पहाटेची ही लाट सगळ्यांनाच हवी असते, तेव्हाच गर्दी असते, म्हणून वरचं सगळं तेव्हाच सगळ्यात जास्त लागू पडतं.

कर्नाटकात मुल्की, ससिहितलूकडे गेलात तर तिथली पोरं लहानपणापासून त्याच पाण्यात वाढलेली आहेत. पाण्यात शिरताना मान हलवून नमस्कार करा, विचारा, अण्णा मी कुठे उभा राहू? मला आजपर्यंत याचं वाकडं उत्तर कुणी दिलेलं नाही.

घरी करायचा सराव

समुद्र आपल्यापासून लांब आहे हे खरं, पण यातलं अर्ध तर शांत पाण्यावरच शिकायचं असतं. धरणाचं पाणी असेल तर आधी परवानगी काढा, लाईफ जॅकेट घाला, बंधारा आणि गेटच्या आसपास फिरकू नका, एकटे जाऊ नका. मग हे करा. एका जागी दहा मिनिटं उभं राहा, न पडता, मित्राला त्याच्या बोर्डवरून मुद्दाम पाणी हलवायला सांगा. मागच्या पायावर वजन टाकून बोर्ड जागेवर गर्रकन फिरवा, डावीकडून आणि उजवीकडून दोन्ही, आपल्यातले बहुतेक जण एकाच बाजूचे राजे असतात. मुद्दाम पडा आणि पॅडल न सोडता परत चढा, पाच सेकंदांत चढता आलं पाहिजे. पुढे जाताना दर दहा वल्ह्यांनी एकदा मान वळवून मागे बघा, मागे कुणी नसलं तरी बघा, ती सवय अंगात मुरली की लाटेत आठवावी लागत नाही. आणि बोर्डशिवाय दोनशे मीटर पोहून दाखवा, कारण लीश तुटते, माझी एकदा तुटलीये, आणि तेव्हा किनारा दिसतो त्यापेक्षा खूप लांब असतो.